छोट्या कुत्र्याच्या कपड्याला लीशची कडी: कुठे, कशी आणि केव्हा नको

पावसाळा तोंडावर आला की, आणि पुन्हा दिवाळीनंतर गारवा वाढला की, वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. रेनकोट किंवा स्वेटर चढवला की हार्नेसची कडी आत झाकली जाते, मग लीश अडकवायची कशाला? कपड्याच्या पाठीवरच एक डी-रिंग शिवून घेतली तर चालेल का? काहींनी तर तयार कपड्यावर कडी दिसली म्हणून हार्नेस घालणंच सोडून दिलं आहे.

कपड्याला कडी लावता येते, पण तिची ओढ कापडावर येता कामा नये. ती कुत्र्याच्या छातीभोवती पूर्ण फिरलेल्या पट्टीवर आली पाहिजे. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीसाठी आहे.

घरात आहे तो कपडा आधी उलटा करा

कडी असलेला तयार कपडा तुमच्याकडे असेल, तर तो उलटा करून कडीची मागची बाजू उजेडात धरा. बरेचदा दिसतं ते असं: बोटभर लांबीचा पट्टीचा तुकडा, त्यात ओवलेली कडी, आणि तो तुकडा लोकरीच्या विणीवर दोन आडव्या टिपांनी बसवलेला. मागे अस्तर नाही, आधाराचा कपडा नाही. कडीत बोट घालून ओढलंत तर टीप सुटण्याआधीच भोवतीची वीण ताणून जाळीसारखी दिसू लागते. अशी कडी शोभेची समजा. तिला रात्रीच्या फेरीसाठी छोटा दिवा लावा. लीश लावू नका.

याउलट, कडी ज्या पट्टीवर आहे ती बरगड्यांवरून खाली उतरून छातीखाली बकलात अडकत असेल, तर कपडा लीशचा विचार करून बनवलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही पट्टीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा. ती मध्येच एखाद्या शिवणीत संपली आणि पुढे नुसतं कापड किंवा इलॅस्टिक लागलं, तर सगळी ओढ त्या एका शिवणीवर येणार.

पोटाखाली फक्त वेल्क्रो असलेल्या कपड्यांबाबत विशेष सावध राहा. वेल्क्रो सरळ ओढीला चांगला टिकतो, पण कडेने सोलला की लगेच उघडतो. घाबरलेला कुत्रा अंग पिळवटून मागे सरकतो तेव्हा वेल्क्रो नेमका कडेनेच सोलला जातो. त्यात केस अडकलेले असले की पकड आणखी कमी. वेल्क्रो कपडा अंगावर नीट बसवण्यासाठी ठेवा, कुत्र्याला धरून ठेवण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

वजन कमी असलं तरी झटका कमी नसतो

3 किलोची चिवावा किंवा 5 किलोचा शित्झू कितीसा ओढणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. चालताना तो फारसं ओढत नाहीच. प्रश्न येतो तो फटाका वाजल्यावर किंवा मांजर दिसल्यावर. पळत सुटलेला कुत्रा लीश संपल्यावर वीतभर अंतरात थांबला, तर त्या क्षणाची ओढ त्याच्या वजनाच्या चारपट सहज होते. लीश न ताणणारी असेल आणि तुमचा हात घट्ट असेल, तर त्याहूनही जास्त. म्हणजे 3 किलोच्या कुत्र्यासाठीही कडीने किमान 12 ते 15 किलोचा भार सोसायला हवा, आणि तोही रोज भिजून, धुऊन, वाळून झाल्यावर.

दुसरी काळजी गळ्याची. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल अशा छोट्या जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा विकार बऱ्यापैकी आढळतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास घ्यायला कष्ट पडतात. कडी कपड्याच्या गळ्याजवळ असली, तर ओढ बसताच गळ्याची किनारच गळपट्ट्यासारखी आवळते. तुमचा कुत्रा लीश ताणली की घोगरा खोकत असेल, तर शिंप्याआधी पशुवैद्यकांना गाठा.

कडी कुठे यावी

खांद्याच्या दोन हाडांच्या किंचित मागे, कण्याच्या मध्यरेषेवर. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती फिरणारी पट्टी पाठीवर जिथे येते, तीच ही जागा. ती पट्टी काखेला चिकटून नको. काख आणि पट्टी यांत दोन बोटांचं अंतर राहिलं की चालताना कातडी घासत नाही. कडी कमरेकडे सरकवू नका, ओढ बसली की मागचं धड फिरतं. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांना पाठीच्या मणक्यांचा त्रास होण्याची शक्यता मुळातच जास्त, त्यांच्याबाबत ही जागा विशेष जपा.

पर्याय पहिला: हार्नेस वरून

कपडा पातळ असेल, सुती टी-शर्ट किंवा साधा विणलेला स्वेटर, तर काही शिवण्याची गरजच नाही. हार्नेस कपड्याच्या वरून घाला आणि पट्ट्या तेवढ्या सैल करा. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कपडा काढल्यावर पट्ट्या पुन्हा आवळायला मात्र विसरू नका, नाहीतर संध्याकाळच्या फेरीत कुत्रा त्यातून मागे सरकून मोकळा होईल. जाड फ्लीस किंवा कापूस भरलेल्या जॅकेटवर हा उपाय नको. भराव दबतो, हार्नेस ढिला पडतो आणि बाहेरून ते कळतही नाही.

पर्याय दुसरा: हार्नेस आत, कपड्याला काज

बहुतेक घरांसाठी मी हाच पर्याय सुचवीन. भरवशाचा हार्नेस आत घालायचा, कपड्याच्या पाठीवर एक काज करायचं, आतली कडी त्यातून बाहेर काढायची. ओढ सगळी हार्नेसवर, कपडा फक्त ऊब किंवा आडोसा देतो. शिंप्याकडून चूक झाली तरी बिघडतो तो कपडा, कुत्रा सुटत नाही.

जागा ठरवताना कुत्र्याला हार्नेस घाला, वर कपडा चढवा आणि त्याला चारही पायांवर उभं करा. बसलेल्या कुत्र्याच्या पाठीवर खूण केली तर उभं राहिल्यावर काज इंचभर मागे-पुढे होतं. कापडावरून बोटाने कडी चाचपून खडूची खूण करा. काज कण्याच्या दिशेत, उभं घ्या. लांबी कडीच्या रुंदीपेक्षा साधारण 1 सेंटिमीटर जास्त. 20 मिलिमीटरच्या कडीला 3 सेंटिमीटरचं काज पुरतं.

पुढचं काम कापडावर अवलंबून आहे:

- सुती, डेनिम, फ्लीस: आतून बकरमचा किंवा जाड सुती कापडाचा तुकडा लावा. आधी काजाभोवती आयत शिवा, मग आत चीर द्या, शेवटी कडा काजाच्या टाक्याने भरा.
- विणलेला स्वेटर: आधी कात्री लावली तर वीण उसवत जाईल. न ताणणाऱ्या कापडाचे दोन तुकडे, एक आतून आणि एक बाहेरून, घट्ट शिवून घ्या आणि मगच मध्ये चीर द्या. बाहेरचा तुकडा रंगसंगती साधून निवडला तर तो ठिगळासारखा दिसत नाही.
- रेनकोट: इथे टाचण्या अजिबात नकोत, प्रत्येक भोक कायमचं राहतं. तुकडे जागेवर धरायला कपड्यांचे चिमटे वापरा. चिरेवर खिशाला असतं तसं झाकण घ्या आणि त्याची उघडी बाजू शेपटीकडे ठेवा, म्हणजे पाणी वरून ओघळून जातं. टिपांच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून आतून शिवणीवर चिकटवायची जलरोधक टेप मिळते, ती लावा.

काज झाल्यावर रोजची एक सवय लावून घ्या. लीशचा हूक अडकवला की त्यात कडीच आली आहे ना, कापडाची कड अडकलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहायचं. पावसात, एका हातात छत्री असताना ही चूक सहज होते.

पर्याय तिसरा: कपड्यातच पट्टी बसवणं

कपडा आणि हार्नेस एकच हवा, रोज दोन थर चढवायला कुत्रा तयार होत नाही, अशांसाठी हा पर्याय आहे. मेहनत जास्त लागते आणि जरा हयगय झाली तर नुकसान मोठं. 7-8 किलोंवरच्या किंवा जोरात ओढणाऱ्या कुत्र्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही, त्यांना दुसरा पर्यायच ठेवा.

सामान बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे किंवा बॅगांचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतं. पुण्यात बोहरी आळीच्या परिसरात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास चौकशी करा. गावात असाल तर बॅगांच्या चेन बदलून देणारा कारागीरही हे सगळं आणून देतो.

- पट्टी: ट्रॅव्हल बॅगच्या बंदाला असते तशी नायलॉन किंवा पॉलिएस्टरची. 5 किलोंपर्यंत 15 ते 20 मिलिमीटर रुंद, त्यावर 20 ते 25. सुती नाडी किंवा इलॅस्टिक नको.
- कडी: सांधा जोडून वितळवलेली, म्हणजे वेल्डिंग केलेली स्टीलची डी-रिंग. सरळ दांडीवर नख फिरवा. फट लागली तर ती नुसती वाकवलेली तार आहे, ताण आला की उघडेल. किल्ल्यांची दुपदरी रिंग आणि प्लास्टिकची कडी दोन्ही नकोत. कोकणात, मुंबईत, गोव्यात स्टेनलेस स्टीलच घ्या, साधं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं आणि गंज पट्टीचे धागे कापत जातो.
- बकल आणि अ‍ॅडजस्टर: दोन्ही बाजूंनी दाबून उघडायचं बकल, पट्टीच्याच रुंदीचं. दात नीट बसल्यावर ‘टक’ असा स्पष्ट आवाज यायला हवा.
- दोरा आणि सुई: जीन्स शिवायला वापरतात तो जाड पॉलिएस्टर दोरा, 16 किंवा 18 नंबरची सुई. सुती दोरा दमटपणात कुजतो.

पट्टी कापल्यावर तिचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत जातात. वितळलेली कड कडक आणि टोचरी होते, ती अंगाच्या बाजूला येणार नाही अशी दुमडा.

आता मुख्य काम. कडीसाठी वेगळा छोटा तुकडा शिवू नका. छातीभोवती फिरणारी लांब पट्टीच कडीतून ओवा, आणि मग कडीच्या दोन्ही बाजूंना ती कपड्याला शिवा. यात फायदा असा, की शिवण पूर्ण उसवली तरी कडी पट्टीवरच राहते आणि पट्टी कुत्र्याच्या अंगावर. वेगळ्या तुकड्यात बसवलेली कडी मात्र शिवण सुटताच लीशसकट तुमच्या हातात येते. कडीच्या सरळ दांडीखाली फेल्टचा तुकडा द्या, म्हणजे ती मणक्यावर रुतणार नाही.

छातीभोवतीची एकच पट्टी पुरत नाही. कुत्रा मागे सरकला की ती पुढे डोक्याकडे घसरते. म्हणून मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या पुढे, एक सैलसर दुसरी पट्टी हवी. या दोन पट्ट्यांना जोडणारी एक पट्टी पाठीवरून आणि एक छातीखालून द्या. जिथे पट्टीवर पट्टी येते तिथे चौकोन शिवून आत फुली मारायची आणि ती टीप दोनदा फिरवायची. एका सरळ रेषेतल्या टिपेवर ओढ आली की पहिला टाका तुटतो आणि मग ओळीने बाकीचे. चौकोन-फुलीत ती सगळ्या टाक्यांत वाटली जाते. बकल बरगडीच्या बाजूला घ्या, काखेत किंवा छातीच्या हाडावर नको.

ताणणाऱ्या कापडावर पट्टी सलग शिवू नका. स्वेटर ताणतो, पट्टी ताणत नाही, त्यामुळे कपडा चुरगळतो आणि टिपा तुटतात. पँटला पट्ट्यासाठी असतात तशा लुप्प्या स्वेटरला शिवा आणि पट्टी त्यांतून ओवा. पट्टी धुताना काढताही येते.

शिंप्याला काय सांगाल

शिंपी कपड्याचा विचार करतो, तुम्हाला भाराचा विचार करायचा आहे. म्हणून काम देताना ‘इथे एक कडी लावून द्या’ एवढंच सांगून निघून येऊ नका. कागदावर आकृती काढून द्या आणि ‘ही बॅगेच्या बंदासारखी शिवायची, वजन उचलणार आहे’ असं स्पष्ट बोला. घरगुती मशीन चार पदरी नायलॉनवर टाके गाळतं. असे गाळलेले टाके दिसले तर काम चांभाराकडे किंवा बॅगवाल्याकडे न्या, त्यांच्या जाड मशीनवर हे पाच मिनिटांचं काम आहे. मापं स्वतः घ्या: मानेचं बूड, पुढच्या पायांमागे छातीचा घेर, आणि या दोन्हींमधलं पाठीवरचं अंतर. केसाळ कुत्र्याचं माप केस दाबून घ्या.

कुत्र्याआधी बादली

पहिली चाचणी कुत्र्यावर करायची नाही. जिन्याच्या कठड्याच्या मजबूत आडव्या दांड्याभोवती कपड्याच्या दोन्ही पट्ट्या बकलं लावून अडकवा, कडी खाली लोंबकळू द्या. कडीला लीशचा हूक आणि लीशला बादली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा आहे: कुत्र्याच्या वजनाच्या पाचपट पाणी भरा. 3 किलोच्या कुत्र्याला 15 लिटर. बादली जमिनीपासून दोनच बोटं वर ठेवा आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग पाणी ओतून देऊन लीशला हाताने चार-पाच जोरदार झटके मारा. टाका ताणलेला दिसला, बकल सरकलं, अ‍ॅडजस्टरमधून पट्टी घसरली, तर ते काम परत करा.

त्यानंतर घरात, दार लावून, कपडा घालून फिरवा. कुत्र्यासमोर उभं राहून लीश हलकेच पुढे ओढा, म्हणजे तो मागे सरकेल. कपडा कानांपर्यंत आला तर मानेची पट्टी किंवा घेर चुकला आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

- लांब होत जाणारी, आपोआप गुंडाळली जाणारी लीश कपड्यावरच्या कडीला लावणं. कुत्र्याला धावायला अंतर मिळतं आणि शेवटचा झटका मोठा बसतो.
- मोठ्या कुत्र्याचा जड पितळी हूक. 2-3 किलोच्या कुत्र्याचा अख्खा कपडा त्याने एका बाजूला ओघळतो. हूक हलका आणि लीश अरुंद घ्या.
- घरात आल्यावरही तोच कपडा ठेवणं. कडी खुर्चीच्या पायात किंवा पिंजऱ्याच्या गजात अडकते. पिल्लं बकल चावतात आणि तुकडा गिळू शकतात.
- ओला रेनकोट अंगावर तसाच राहू देणं. काखेत आणि छातीखाली कातडी लाल होते, गोचीडही लपून राहतात.
- उकाड्यात हौसेने कपडा घालणं. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. मार्च ते मे या काळात आपल्याकडे नुसता हार्नेस पुरेसा आहे.

विकत घेताना आणि फसलात तर

वेष्टनावर उत्पादकाचं, पॅकिंग करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे नसेल तर तो कपडा लीशसाठी घेऊ नका. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘ही कडी लीशसाठी आहे का? किती वजनाच्या कुत्र्यासाठी?’ ऑनलाइन घेत असाल तर वर्णनातला तो दावा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बिल जपा.

लीश लावता येते असं सांगून विकलेल्या कपड्याची कडी पहिल्याच आठवड्यात उखडली, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तो सदोष माल ठरू शकतो. पैसे घेऊन केलेलं शिवणकाम ही ‘सेवा’ आहे, त्यामुळे शिंप्याच्या कामातली उणीवही या कायद्यात येते. अर्थात, तुम्हीच चुकीची आकृती दिली असेल तर दोष त्याच्यावर टाकता येणार नाही. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, फाटलेल्या भागाचे फोटो काढा आणि कपडा फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

लीश सुटून कुत्रा कुणाला चावला तर मात्र ‘कडी तुटली’ एवढं सांगून सुटका होईलच असं नाही. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूने, कुत्रा पाळायलाच सोसायटीने मनाई केली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. बहुमताच्या ठरावानेही अशी सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. त्याच सूचना मालकांना सार्वजनिक जागेत कुत्र्याला लीश लावायलाही सांगतात. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला आणि तुमचा फोन नंबर कपड्यावर न लावता गळपट्ट्यावर लावा. कपडा निसटला तरी ओळख कुत्र्याच्या अंगावर राहते.

धुणं आणि तपासणी

बकलं लावून, कपडा उलटा करून, जाळीच्या पिशवीत धुवा म्हणजे कडी मशीनच्या पिंपावर आपटत नाही. सावलीत वाळवा, कडक उन्हात नायलॉन हळूहळू कमजोर होतं. दर धुण्यानंतर तीन जागा पाहा: कडीखाली पट्टी जिथे घासते ती, चौकोन-फुलीचे कोपरे, आणि बकलाचे दात. पट्टीवर लव आलेली दिसली, रंग उडून ती कडक झाली किंवा फुलीतला एक जरी धागा तुटला, तर त्या दिवसापासून त्या कपड्याला लीश लावणं बंद करा. कडी कापून काढा, ती नव्या पट्टीवर पुन्हा वापरता येते. जुनी पट्टी मात्र टाकून द्या.